जोडाक्षर नसलेला सुविचार

मराठीच्या अध्यापकांनी मायक्रोकंट्रोलरवर लिहावे, यात काही वाचकांना अनधिकार चेष्टा दिसेल. शंका रास्त आहे. आम्ही दोघेही मराठीचे एम. ए.; एकजण व्याकरण व भाषाविज्ञान शिकवतो, दुसरी साहित्यविचार. विजेशी आमचा संबंध बटण दाबण्यापुरता. तरीही गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात एका फलकासाठी चिप निवडण्याच्या कामात आम्हांला सामील व्हावे लागले, आणि त्या निवडीच्या मध्यभागी भाषेचा प्रश्न असा काही येऊन बसला की त्याविषयी भाषेच्या अभ्यासकांसमोरच लिहावेसे वाटते.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये मावलेला छोटा संगणक. आकडेमोड करणारा भाग, आज्ञावली साठवण्याची कायम स्मृती, काम करताना लागणारी तात्पुरती स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडणारे पाय, हे सारे नखाएवढ्या जागेत असते. १९७४ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टीएमएस१००० ही चिप बाजारात आणली, तिथून या कुळाचा व्यावसायिक इतिहास सुरू होतो. १९८० साली इंटेलची ८०५१ आली. तिची कायम स्मृती चार किलोबाइट आणि तात्पुरती स्मृती १२८ बाइट होती. तिचे वंशज आजही बनतात, आणि आपल्याकडच्या अनेक अभ्यासक्रमांत तिचे स्थान टिकून आहे. धुलाईयंत्र, मोटार, विजेचा मीटर, लिफ्ट अशा कितीतरी वस्तूंत या चिपा असतात. त्यांना कोणी संगणक म्हणत नाही, कारण त्या नेमून दिलेले एकच काम जन्मभर करत राहतात.

आमच्या फाटकाजवळ एक काळा फळा आहे. त्यावर रोज खडूने सुविचार लिहिला जातो. विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून त्याच्या वर दिव्यांचा फलक लावायचे ठरवले. बाजारात ‘पी१०’ नावाने मिळणारे तांबड्या दिव्यांचे चौकोन असतात. एका चौकोनात आडवे ३२ आणि उभे १६ ठिपके, दोन ठिपक्यांत दहा मिलिमीटर अंतर. असे चार चौकोन ओळीने जोडले की १२८ बाय १६ ठिपक्यांची, सव्वा मीटरहून थोडी लांब पट्टी तयार होते. तिच्यावरून वर्षाचे ३६५ सुविचार, रोज एक, सरकत जावेत अशी कल्पना होती. उद्घाटन २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी. सुविचार निवडून देण्याचे काम साहजिकच आमच्या विभागाकडे आले.

आठवड्याभरात प्रकल्पातली दोन मुले विभागात आली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाली, “मॅडम, जोडाक्षरं नसलेले सुविचार देता का?”

आम्ही कारण विचारले. त्यांच्याकडे अर्डुइनो उनो होता, त्यावर इंग्रजी अक्षरे झकास सरकत होती. देवनागरीचे सुटे वर्णही त्यांनी बसवले होते. पण जोडाक्षर आले की पाय मोडलेले अक्षर वेगळे आणि पुढचे वेगळे दिसे. ‘विद्या’ या शब्दातला पहिला इकार तर व्यंजनाच्या मागे जाऊन बसे. “नाहीतर इंग्रजी लिपीत मराठी लिहू, सर. सगळे मोबाइलवर तसंच लिहितात,” दुसऱ्याने पर्याय सुचवला.

त्यांची मागणी आम्ही हसण्यावारी नेली नाही; कागद घेऊन बसलो. जोडाक्षरे वगळायची तर विद्या, ज्ञान, प्रेम, श्रम, स्वातंत्र्य, कष्ट हे सारे जाते. ‘मराठी’ हा शब्द त्यातून वाचतो, ‘महाराष्ट्र’ वाचत नाही. तुकाराम राहतात, ज्ञानेश्वर जातात. सुविचारांच्या वहीतले फार थोडे उरले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आमच्या फाटकावर मराठीने जोडाक्षरे घरी ठेवून यावे, असा हा प्रसंग होता.

अर्थात यंत्राने लिपीकडे असे मागणे प्रथमच मागितलेले नाही. खिळाछपाईच्या काळात देवनागरी जुळवायची तर जुळाऱ्यासमोर शेकडो खिळ्यांच्या पेट्या लागत. निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींसारख्यांनी खिळेच इतके देखणे पाडले की लिपीला झुकावे लागले नाही. उलट दिशेने सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ करून ‘अ’ची बाराखडी मांडली, छपाई आणि टंकलेखन सोपे व्हावे हा त्यामागचा एक हेतू होता. लिपी यंत्राजोगी करावी की यंत्र लिपीजोगे करावे, हा वाद आपल्याकडे जुना आहे. फरक इतकाच की तेव्हा तो विद्वानांच्या परिषदांत झाला, आणि आता प्रकल्पाच्या टेबलावर, वीस वर्षांच्या दोन मुलांना त्याची कल्पनाही नसताना, निकालात निघत होता.

इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांनी सुचवले की आधी चिपा नीट ताडून पाहू. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आम्ही सर्वांनी एक तक्ता केला. त्यातला मजकूर थोडक्यात असा.

उनोवरची चिप एटीमेगा३२८पी. एका वेळी आठ बिट हाताळणारी, सोळा मेगाहर्ट्‌झवर चालणारी. कायम स्मृती ३२ किलोबाइट, तात्पुरती दोन. तिचे एव्हीआर घराणे नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून निघाले, तर अर्डुइनो इटलीतल्या इव्रेआ गावी २००५ साली अभिकल्पाच्या विद्यार्थ्यांसाठी जन्मले. म्हणजे मुळातच बिगरतंत्रज्ञांचे साधन. साधी, सहनशील, पाच व्होल्टवर चालणारी चिप. तिच्यावर उदाहरणेही अमाप.

दुसरी ईएसपी३२, २०१६ सालची. दोन गाभे, २४० मेगाहर्ट्‌झपर्यंत वेग, तात्पुरती स्मृती ५२० किलोबाइट, आणि वाय-फाय व ब्लूटूथ अंगचेच. तिसरी रास्पबेरी पाय पिको. २०२१ च्या जानेवारीत चार डॉलर किमतीला जाहीर झालेली ही पाटी आरपी२०४० या चिपवर चालते. दोन गाभे, १३३ मेगाहर्ट्‌झ, तात्पुरती स्मृती २६४ किलोबाइट आणि पाटीवर दोन मेगाबाइट कायम स्मृती. चौथी एसटीएम३२ घराण्यातली, कारखान्यांतून वापरली जाणारी, गुणी पण नवख्याला जरा अवघड. पाचवे नाव आम्हांला भावनेने खेचणारे होते. सी-डॅकचा ‘वेगा’ प्रोसेसर आणि त्यावरची ‘एरीज’ पाटी. मांडणी रिस्क-फाइव्ह या खुल्या पद्धतीची. तिच्यावरचे तयार अध्ययनसाहित्य मुलांच्या हाताशी कमी होते, म्हणून ते नाव पुढच्या तुकडीसाठी राखून ठेवले.

तक्ता झाल्यावर मुलांचा कल ज्याचे आकडे मोठे त्याच्याकडे गेला. इथे आमच्या शिकवण्यातली एक जुनी खोड उपयोगी आली. ओवी चांगली की शार्दूलविक्रीडित, असे कोणी विचारले तर आम्ही आधी विचारतो, सांगायचे काय आहे? म्हणून आम्ही मुलांना म्हटले, आधी सुविचार मोजू या.

‘ज्ञानेश्वर’ हा शब्द घ्या. कानाला आणि डोळ्याला ही चार अक्षरे: ज्ञा, ने, श्व, र. पण युनिकोडमध्ये ज, पायमोड, ञ, काना, न, मात्रा, श, पायमोड, व, र असे दहा संकेत होतात. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण तीस. तोच शब्द रोमन अक्षरांत दहा-अकरा बाइटांत मावतो. आमचा सरासरी सुविचार साठेक अक्षरांचा, म्हणजे सुमारे शंभर संकेतांचा निघाला. तीनशे बाइटांप्रमाणे ३६५ सुविचारांना एक लाख साडेनऊ हजार बाइट लागतात. उनोची सगळी कायम स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट.

मजकुराऐवजी चित्रे साठवली तर? अक्षर सरासरी बारा ठिपके रुंद धरले तर सुविचाराचे चित्र ७२० उभ्या रांगांचे होते. एका रांगेत सोळा ठिपके, म्हणजे दोन बाइट. एका सुविचाराला १,४४० बाइट आणि वर्षाला सव्वापाच लाख. पिकोच्या दोन मेगाबाइटांत ही चित्रे सहज बसतात. मुलांना हा मार्ग फार आवडला, कारण मग चिपला लिपी कळण्याची गरजच नाही. प्रयोगशाळेतल्या मोठ्या संगणकावर जोडाक्षरे बिनचूक उमटतात. तिथे चित्रे तयार करायची आणि चिपमध्ये भरायची. चिपने फक्त घोकलेले म्हणून दाखवायचे.

आमचा खरा मतभेद इथे झाला. चित्रांचा मार्ग तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता. पण आम्ही विचारले, पुढच्या वर्षी सुविचार बदलायचे झाले तर चित्रे कोण करणार? त्या मुलांपैकी एकानेच ती आज्ञावली लिहिली होती आणि तो मे महिन्यात पदवी घेऊन बाहेर पडणार होता. तो गेला की फलकावरचे मराठी गोठले. महाविद्यालयाच्या भांडारात असे गोठलेले प्रकल्प कपाटभर आहेत. ज्याने केले त्याच्याबरोबर त्यांचे ज्ञानही गेले. निवड करताना चिपची स्मृती किती हे पाहावे लागतेच. पण लिपीचे ज्ञान कुठे ठेवायचे, एका मुलाच्या संगणकात की फलकात, यावर त्या फलकाचे आयुष्य ठरणार होते. ग्रंथालयातल्या कोणालाही साधा मजकूर टंकून तो फलकावर आणता आला पाहिजे, ही आमची अट होती. “म्हणजे चिपला मराठी शिकवावं लागेल,” मुलगा म्हणाला. “शिकवू की. आमचा धंदाच तो आहे,” आम्ही म्हणालो.

पुढचे तीन आठवडे व्याकरण शिकवण्याच्या आमच्या सेवेत फार आनंदाचे गेले. नियम आम्ही मराठीत लिहायचे आणि मुलांनी ते आज्ञावलीत उतरवायचे, अशी वाटणी झाली. पहिला नियम: ऱ्हस्व इकार संकेतात व्यंजनानंतर येतो, पण दिसताना संबंध जोडाक्षराच्या आधी काढावा, ‘स्थिती’मध्ये तो ‘स्’च्याही डावीकडे जातो. दुसरा: आरंभी पाय मोडलेला ‘र’ आला तर तो रफार होऊन जोडाक्षराच्या शेवटी माथ्यावर बसतो. तिसरा: उभी काठी असलेल्या व्यंजनाचे अर्धे रूप काठी काढून होते. चौथा: क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्य, द्ध, ह्म, ट्ट अशांची चित्रे स्वतंत्र ठेवावीत.

पाचव्या नियमावर आम्ही अडून बसलो. आचार्यास दक्षिणा देणे वेगळे आणि आचाऱ्यास दक्षिणा देणे वेगळे. दर्या एक आणि दऱ्या अनेक. रफार आणि अर्धचंद्री ‘र’ यांत मराठी अर्थाचा भेद करते. शिवाय युनिकोडमध्ये हा ‘र’ दोन प्रकारे लिहिला जातो. एक, बुडाशी टिंब असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून, दुसरा, साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. डोळ्याला दोन्ही सारखेच. दुसरा प्रकार आला तर आत घेतानाच त्याचे पहिल्यात रूपांतर करावे, असे ठरले. सहावा नियम पराभवासाठी: एखादे जोडाक्षर कोष्टकात सापडलेच नाही तर पायमोड दाखवून ते तोडावे, पण कोणताही वर्ण गाळू नये.

दरम्यान एका मुलीच्या लक्षात आले की देवनागरीच्या तीन बाइटांपैकी पहिला कायम तोच असतो आणि दुसरा दोहोंपैकी एक. युनिकोडने देवनागरीला दिलेल्या जागा सगळ्या मिळून १२८. मग एका बाइटाच्या २५६ जागांपैकी खालच्या अर्ध्या भागात इंग्रजी चिन्हे आणि वरच्या अर्ध्यात देवनागरी ठेवली तर एका संकेताला एकच बाइट पुरेल. तिने स्वतःच्या बुद्धीने काढलेली ही युक्ती भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ‘इस्की’ या नावाने प्रमाण केलेल्या मांडणीच्या फार जवळची आहे. हे तिला सांगितले तेव्हा ती खट्टू झाली नाही, खूश झाली. परंपरेशी अशी भेट झालेली मुले आम्हांला वर्गात क्वचित दिसतात.

या युक्तीने वर्षाचे सुविचार ३६,५०० बाइटांवर आले. अक्षरचित्रे दोनशे धरली तर आणखी ४,८००. उनोच्या ३२,७६८ पुढे ते थोडक्यासाठी जास्तच होते. बाहेरून स्मृती जोडून किंवा सुविचार कमी करून उनोही चालला असता, हे नमूद केले पाहिजे. पिकोत मात्र काहीही न जोडता ते मावत होते. शिवाय तिच्यावर मायक्रोपायथन ही वाचायला सोपी भाषा चालते. पुढच्या तुकडीला आज्ञावली वाचता यावी यासाठी हा मुद्दा आमच्या लेखी वेगापेक्षा मोठा ठरला. दोन गाभे असल्याने एकाने मजकूर जुळवावा आणि दुसऱ्याने दिवे तेवते ठेवावेत अशी वाटणी करता येते. (त्या चौकोनांत एका वेळी चौथ्या हिश्शाच्याच ओळी पेटतात, पाळी इतक्या वेगाने फिरते की डोळ्याला कळत नाही.) उत्पादकाने ही चिप किमान २०४१ च्या जानेवारीपर्यंत बनवत राहण्याचे जाहीर केले आहे. संस्थेच्या वस्तूसाठी हेही महत्त्वाचे.

ईएसपी३२ स्मृतीच्या कसोटीवर सहज उतरत होती. तिची तरफदारी करणाऱ्यांचे म्हणणे असे की वाय-फाय असेल तर घरबसल्या मोबाइलवरून सुविचार बदलता येईल. त्यावर इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांनीच उत्तर दिले: जे दुरून बदलता येते ते दुसऱ्यालाही बदलता येते, मग परवलीचा शब्द सांभाळणारा माणूस हवा. फाटकावर काय झळकते याची जबाबदारी असते. आमच्या फलकाला तारखेपुरते जगाशी नाते पुरेसे होते आणि त्यासाठी डीएस३२३१ हे छोटे घड्याळ लावले. साध्या हवामानात ते वर्षाला मिनिटभराच्या आसपास चुकते. दिवस बदलण्याला ते पुरे. जिथे दूरच्या शेतातल्या ओलाव्याची नोंद घरी हवी असते तिथे ईएसपी३२ योग्यच. फाटकावर तिची गरज नव्हती.

पिको निवडल्यावर एक अडचण उरली. तिच्या पायांवर ३.३ व्होल्ट येतात आणि पी१० चौकोन पाच व्होल्टचे. त्यांच्या आतल्या ७४एचसी जातीच्या चिपांना ‘एक’ म्हणून निदान साडेतीन व्होल्ट लागतात. टेबलावर चालणारी जोडणी उन्हातान्हात दगा देऊ शकते, म्हणून मध्ये एक ७४एचसीटी२४५ बसवली. ती दोन व्होल्टलाही ‘एक’ समजते आणि पुढे पाच व्होल्टांत सांगते. सरांनी तिची ओळख “ही तुमची भाषांतरकार” अशी करून दिली.

अक्षरे मात्र आम्ही हाताने काढली. चौकटीच्या कागदावर सोळा चौकोनांची उंची: वरचे चार मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वारासाठी, एक शिरोरेषेचा, आठ अक्षराच्या अंगासाठी, खालचे तीन उकारांसाठी. ‘ल’ आणि ‘श’ ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने प्रमाण मानलेल्या मराठी वळणाचे ठेवले. आठ चौकोनांत ‘ष्ट’ बसवताना दोन दुपारी गेल्या. मराठीचे विद्यार्थीही आले. जे एरवी ऱ्हस्वदीर्घाच्या तासाला खिडकीबाहेर पाहतात, ते एका ठिपक्यासाठी भांडले. कारण एक ठिपका हलला की ‘घ’चा ‘ध’ होत होता.

फलक ठरल्या दिवशी लागला आणि चालतो आहे. त्याआधी मुलांनी आमची परीक्षा घ्यावी तशी त्याची घेतली. कोणीतरी ‘कार्त्स्न्य’ हा शब्द टंकला. पाच व्यंजनांचे हे जोडाक्षर आमच्या कोष्टकात नव्हते. फलकाने रफार माथ्यावर ठेवला, ‘त्स्’ जुळवला आणि पुढे पायमोड दाखवून ‘न्य’ वेगळा काढला. देखणे नव्हते, पण एकही वर्ण गळला नव्हता.

या साऱ्यातून आम्ही तंत्रज्ञ झालो नाही. पण मायक्रोकंट्रोलरची निवड हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नाही, एवढे पक्के झाले. आज आपल्या वीज मीटरवर, एसटीच्या फलकावर, पंपाच्या नियंत्रकावर कोणती भाषा दिसते आणि कशी दिसते, हे अशाच एखाद्या टेबलावर, चिप निवडण्याच्या क्षणी ठरत असते. तिथे बसलेल्यांना जोडाक्षर म्हणजे एक अडचण वाटत असेल तर तो त्यांचा दोष कमी आणि आपल्या अनुपस्थितीचा परिणाम अधिक. सुविचार मागायला आलेल्या मुलांनी नियम मागितले असते तर ते देणारे कोणी आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

नियमांची वही आता ग्रंथालयात दाखल क्रमांक घालून ठेवली आहे. शेवटची काही पाने कोरी आहेत. नव्या तुकडीने तिच्यात पहिली नोंद केली ती ‘र्त्स्न्य’ची, खाली चौकटीत ठिपकेही भरले आहेत.